‘सगळं यूट्यूबवर आहे, मग मी कशाला?’

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका प्राध्यापिकेचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

गणितात एमएस्सी, नंतर एमसीए. पंधराहून जास्त वर्षं त्या डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ्स वर्गात फळ्यासमोर उभं राहून शिकवत आल्या. गेल्या वर्षी नवी मुंबईतल्या त्यांच्या विद्यापीठानं ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा पेपर त्यांच्या लोडमध्ये आला. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सात ते साडेआठ, त्या घरून शिकवतात. पटावर १२० नावं, बहुतेक मुलं नोकरी करणारी, निम्म्यांकडे लॅपटॉप नाही. कॅमेरे बंद. ‘आवाज येतोय का?’ विचारलं की चार-पाच ‘येस मॅम’ उमटतात आणि पुन्हा शांतता. असाइनमेंट एकाच छापाच्या येतात, चॅटजीपीटीनं लिहिलेल्या. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, म्हणतात, यंदा सगळी लेक्चर नीट रेकॉर्ड करून टाका, म्हणजे पुढची तीन वर्षं काळजी नाही. बारावीतला मुलगा म्हणतो, ‘आई, हे सगळं यूट्यूबवर आहे, स्टॅनफर्डचं आहे, आयआयटीचं आहे. तुझं कोण बघणार?’ शिवाय विषय इतका पळतोय की जूनमध्ये केलेली पीपीटी दिवाळीपर्यंत जुनी होते, आणि या विषयात आपण उपऱ्याच आहोत असं त्यांना वाटतं. एकच मुलगी त्यांना आशा देते. ती ठाण्याजवळच्या दिवा गावात राहते, दुकानात काम करते, वर्गात एक शब्द बोलत नाही, पण रात्री उशिरा सोडवलेल्या उदाहरणाच्या पानाचा फोटो पाठवते. बाईंचा प्रश्न असा: हा पेपर सोडून पुन्हा प्रत्यक्ष वर्ग मागावा का? आणि तसं केलं तर तो पळपुटेपणा ठरेल का?

बाई, पळपुटेपणा अजिबात नाही. पेपर बदलून मागणं ही कॉलेजात दर वर्षी होणारी गोष्ट आहे आणि त्यासाठी कुणाला तोंड चुकवत फिरायचं कारण नाही. माझी काळजी वेगळी आहे. सोडण्याची जी कारणं तुम्ही दिली आहेत, त्यांतली काही नीट तपासली तर टिकत नाहीत. चुकीच्या कारणासाठी सोडलंत तर तेच कारण उद्या डेटा स्ट्रक्चर्सच्या वर्गातही तुमच्यासमोर येऊन उभं राहील. चॅटजीपीटी तिथंही आहे आणि यूट्यूबही.

आधी मुलाचं म्हणणं घेऊ, कारण मनाला सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसतं. तो खरं बोलतो आहे. २०११ च्या शरद सत्रात सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा आपला एआयचा कोर्स सगळ्या जगाला फुकट खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं. याहून नावाजलेले शिक्षक या विषयाला मिळणं कठीण. शेवटपर्यंत पोचले ते साधारण २३ हजार. हा आकडा लहान नाही, एका कोर्सला इतकी माणसं कुठल्या सभागृहात मावणार? गळलेल्यांतले कित्येक नुसते डोकवायला आले असतील, हेही खरं. पण ज्यांना खरंच शिकायचं होतं आणि मधेच कुठंतरी अडले, त्यांच्यासाठी व्हिडिओ होता, स्वाध्याय होते, मशीननं तपासलेली उत्तरं होती. ‘तू इथं अडलायस’ हे ओळखून सांगणारं जवळ कुणी नव्हतं.

थ्रन यांनी पुढं काढलेल्या युडॅसिटी या ऑनलाइन शिक्षणाच्या कंपनीनं २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाबरोबर पदवीसाठी क्रेडिट मिळणारे ऑनलाइन कोर्स चालवून पाहिले. पास होणाऱ्यांचं प्रमाण प्रत्यक्ष वर्गापेक्षा इतकं खाली आलं की तो प्रयोग काही महिन्यांतच थांबवावा लागला. त्याच युडॅसिटीला सोबत घेऊन जॉर्जिया टेकनं जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन मास्टर्स पदवी सुरू केली, ती मात्र टिकली आणि वाढली. तिथंही लेक्चर रेकॉर्ड केलेलीच होती. पण काम तपासायला, चर्चेत उत्तरं द्यायला माणसं नेमलेली होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा.

तर मुलाला सांगा, तुझं बरोबर आहे, लेक्चर सगळीकडे आहेत. आणि मग ती वापरा! एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर आयआयटी मद्रासच्या दीपक खेमाणी यांचा सर्च पद्धतींवरचा कोर्स आहे, शांतपणे, पायरी-पायरीनं शिकवलेला. तो भाग तुम्ही पुन्हा सात ते साडेआठ बोलून दाखवण्यात अर्थ नाही. मुलांना सांगा, हा तुकडा लोकलमध्ये पाहून या. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून करायची मुभा विद्यापीठांना दिली आहे. व्यवस्थेनं जे उघडपणे मान्य केलं, ते तुम्ही आपल्या वर्गापुरतं वापरलंत तर कमीपणा कसला?

आता तुम्ही एका ओळीत उरकलेल्या त्या दिव्याच्या मुलीकडे येते. पत्राबरोबर तुम्ही तिच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, नाव झाकून, ते बरं केलंत. ए-स्टारचं, म्हणजे सगळ्यात कमी खर्चाची वाट शोधण्याच्या पद्धतीचं, उदाहरण आहे. प्रत्येक नोडजवळ, म्हणजे वाटेवरच्या टप्प्याजवळ, दोन आकडे: आतापर्यंत आलेला खरा खर्च आणि पुढचा अंदाज. एका नोडपाशी १४ हा आकडा आडव्या रेघेनं खोडून वर ११ लिहिलंय. मग त्या नोडपासून पुढचे दोन आकडेही बदललेत, आधीचे पेनानं, नंतरचे पेन्सिलीनं. म्हणजे ती आधी एका वाटेनं तिथं १४ मध्ये पोचली, पुढं गेली, आणि मग तिला दिसलं की दुसऱ्या वाटेनं तिथंच ११ मध्ये येता येतं. बहुतेक मुलं नेमकी इथं चुकतात. नवा, स्वस्त रस्ता सापडला तरी जुना आकडा तसाच ठेवून पुढं रेटतात. हिनं मागं जाऊन दुरुस्ती केली, आणि ती पुढंही नेली.

तुम्ही काय उत्तर दिलंत? पत्रात लिहिलंय, ‘गुड’ आणि अंगठा. बाई, तुमचं खरं काम त्या खोडलेल्या १४ मध्ये आहे. तिला इतकंच विचारायला हवं होतं, ‘हा १४ का खोडलास? आणि पेन्सिल का घेतलीस?’ थ्रन आणि नॉर्विग तिला हे विचारू शकत नाहीत. तीन वर्षं चालवलेलं तुमचं रेकॉर्डिंगही विचारू शकत नाही. तुम्ही विचारू शकता, कारण इतकी वर्षं मुलांच्या जर्नलमधल्या खाडाखोडी तुम्ही पाहिल्या आहेत आणि कोणती खाडाखोड कशातून येते ते तुम्हाला कळतं.

तुम्ही म्हणाल, एकीचं ठीक आहे, उरलेल्या ११९ चं काय? ते तर चॅटजीपीटीचं छापील देतात. ते तसं देतात, कारण असाइनमेंट तशी आहे. ‘ए-स्टार अल्गोरिदम उदाहरणासह स्पष्ट करा’ हा प्रश्न मुंबईपासून मिनेसोटापर्यंत हजारो वेळा विचारला गेला आहे आणि त्याचं गुळगुळीत उत्तर कुठलंही चॅटबॉट देणारच. प्रश्न आपल्या पायाखालचा घ्या.

मी तुमच्या जागी असते तर पहिली असाइनमेंट अशी दिली असती: ठाण्याहून पनवेलला रेल्वेनं जायचं आहे, आलेख काढा. एक वाट ट्रान्सहार्बरची. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तुर्भ्याला फाटा फुटतो, सानपाड्यावरून वाशीला आणि जुईनगरवरून नेरुळ, बेलापूर, पनवेलला. दुसरी वाट कळवा, मुंब्रा, दिवा आणि तिथून तळोज्यावरून दिवा–पनवेल मार्गाची. स्टेशन म्हणजे नोड, दोन स्टेशनांमधली मिनिटं म्हणजे खर्च, आणि मिनिटं वेळापत्रकातून प्रत्येकानं स्वतः काढायची.

आता यात काय काय दडलंय ते पाहा. अंदाजासाठी मुलं नकाशावरचं सरळ रेषेतलं अंतर घेतील, ते बरोबरच. पण खर्च मिनिटांत आहे आणि अंतर किलोमीटरमध्ये, म्हणजे वेगानं भागावं लागणार. कोणत्या वेगानं? बरीच मुलं सरासरी वेग घेतील. मग एखाद्या टप्प्यावर अंदाज खऱ्या वेळेपेक्षा जास्त निघू शकतो, आणि सगळ्यात कमी वेळाची वाट सापडेलच ही हमी गेली. गाडीचा जास्तीत जास्त वेग घेतला तरच अंदाज कधीही फुगत नाही. पुस्तकात ही अट एका ओळीत असते, मुलं पाठ करतात आणि विसरतात. इथं ती स्वतःच्या गणितात चुकून कळते, आणि असं कळलेलं राहतं.

पुढचा प्रश्न आणखी छान आहे. दिवा–पनवेल मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. मग गाडीची वाट पाहण्याची मिनिटं खर्चात धरायची की नाही? धरली तर सकाळी आठचं उत्तर वेगळं आणि दुपारी दोनचं वेगळं. याचं ठरलेलं उत्तर नाही. जगातली कुठली गोष्ट मॉडेलमध्ये घ्यायची आणि कुठली सोडायची हे माणसानं ठरवायचं असतं, आणि एआय शिकताना सगळ्यात आधी शिकायचं ते हेच. तुमची दिव्याची मुलगी वर्गात पहिल्यांदा बोलली तर याच प्रश्नावर बोलेल असं मला वाटतं. प्लॅटफॉर्मवर उभं राहून हुकलेल्या गाडीचा हिशेब तिच्याइतका वर्गात कुणाला ठाऊक असणार?

याच असाइनमेंटमध्ये चॅटजीपीटीला उघडपणे आत घ्या. सांगा, स्टेशनांची यादी त्याच्याकडून मागवा, मग स्वतः तपासा आणि काय चुकलं ते पुराव्यासह लिहा. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, जुन्या मजकुरात ते नाही. जुईनगर आणि सानपाडा यांची गल्लत होऊ शकते. आणि यादी अचूक आलीच तर ती अचूक आहे हे कशावरून ठरवलं, तेही लिहायला लावा. मशीनच्या उत्तरावर कुठवर विसंबायचं, हा धडा इंडिकेटरखाली उभं राहून जितका पटतो तितका कुठल्याही स्लाइडवरून पटत नाही. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांचंही काही अडत नाही, हे सगळं वहीत होतं. कोडचा भाग आला की तयार कोलॅब नोटबुक (ब्राउझरमध्येच चालणारं गुगलचं कोडचं पान) द्या, ज्यात एकच आकडा बदलून चालवायचं आणि काय बदललं ते सांगायचं. तेवढं फोनवर जमतं. अख्खा प्रोग्राम फोनवर टाइप करायला लावला की मुलं कॉपी करतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नसतो.

कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागं लागू नका, ही माझी कळकळीची विनंती. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये मागं घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध अशा साधनांनी मशीनचे ठरवले. म्हणजे कळव्याच्या, दिघ्याच्या ज्या मुलानं रात्र जागून मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतः लिहिलं, त्याच्यावरच आळ यायचा. ते पाप आपल्या हातून नको.

त्यापेक्षा तोंडी घ्या. ओरल म्हटलं की तुम्हाला सेमिस्टरच्या शेवटची एक्स्टर्नलची धावपळ आठवेल, ती नको. दर आठवड्याला आठ नावं चिठ्ठीनं काढा आणि प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. चाळीस मिनिटं झाली. पंधरा आठवड्यांत १२० मुलं पुरी होतात. हा वेळ कुठून आणायचा? लेक्चर एनपीटीईएलवर गेलं, त्यातून सुटलेला वेळ हाच. प्रश्न एवढेच: हा नोड आधी का उघडलास? ऐरोलीचा अंदाज १० ऐवजी ३० केला तर काय होईल? चॅटजीपीटीची मदत घेऊनही ज्याला हे सांगता येतं, तो शिकला आहे. त्याला गुण द्या आणि कुठून शिकला याची चौकशी सोडा. मात्र हे गुण टर्मवर्कमध्ये, म्हणजे सत्रभराच्या कामाच्या गुणांत, अधिकृतपणे धरले गेले पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या आठवड्यानंतर कुणी फिरकणार नाही. दिव्याच्या मुलीलाही या पाच मिनिटांतून सूट देऊ नका. आपल्या लाडक्या विद्यार्थ्याला आपण प्रश्न विचारायचं सोडून देतो, तसं व्हायला नको.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. बंद कॅमेरा म्हणजे बंद डोकं, असं धरून चालू नका. सात वाजता ऐरोलीतून सुटलेली मुलं गाडीत असतात. एका खोलीत पाच माणसं, मागं कुकरची शिट्टी, दोरीवर कपडे, ते १२० जणांना दाखवायला कुणाला आवडेल? डेटा पॅकचा हिशेब आहेच. चेहरा मागू नका, काम मागा. दर दहा-बारा मिनिटांनी असा प्रश्न टाका ज्याचं उत्तर एका आकड्यात येतं, आणि ते चॅटमध्ये लिहायला सांगा. मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत, कसंही. ‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र कायमचा बंद करा. त्याला ‘येस मॅम’ याखेरीज दुसरं उत्तर कधी आलेलं नाही.

उत्तरांकडे पाहणं हेही कामच असतं. जॉर्जिया टेकच्या अशोक गोयल यांच्या एआयच्या ऑनलाइन कोर्समध्ये एका सत्रात मुलांचे सुमारे दहा हजार संदेश यायचे. २०१६ मध्ये त्यांनी ‘जिल वॉटसन’ नावाची मशीन-सहायक त्या चर्चेत बसवली, आणि ती माणूस नाही हे मुलांना सत्र संपताना सांगितलं. ती काय उत्तरं देत होती? तारखा, फाइल कशी पाठवायची, पुन्हा पुन्हा येणारे नेहमीचे प्रश्न. मुलांना न सांगता केलं ते मला पटत नाही, तुम्ही करू नका. पण नेहमीचे प्रश्न वेगळे काढण्याची कल्पना घेण्यासारखी आहे. तुमच्या ग्रुपवर रात्री येणारे बहुतेक प्रश्न ‘मॅम, लास्ट डेट?’ याच जातीचे असणार. त्यांची उत्तरं एका पानावर लिहून पिन करून ठेवा, म्हणजे खोडलेल्या १४ साठी वेळ उरेल.

विषय पळतो म्हणता, तर हो, साधनं पळतात. ए-स्टार मात्र १९६८ चा आहे आणि जसा होता तसाच शिकवला जातो. बॅकप्रोपगेशन, म्हणजे चूक मागं नेत मॉडेल सुधारण्याची पद्धत, १९८६ च्या शोधनिबंधानं सर्वांपर्यंत पोचलं आणि आजची अवाढव्य मॉडेलंही त्याच पद्धतीनं शिकतात. चॅटजीपीटीसारख्या मॉडेलांच्या मुळाशी असलेला २०१७ चा ट्रान्सफॉर्मर उघडून पाहिलात तर आत मॅट्रिक्सचे गुणाकार आणि संभाव्यता दिसेल, म्हणजे तुमचं माहेर. तुम्ही स्वतःला या विषयात उपरी समजता, ते मला मुळीच पटत नाही. दर महिन्याच्या नव्या मॉडेलच्या नावांसाठी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं मुलांच्या हवाली करा. कुणीतरी एकानं काय नवं आलं ते सांगावं आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारावेत. ती पीपीटी तुम्ही करायची नाही.

आता एचओडी आणि रेकॉर्डिंग. इथं तुम्ही पत्रात जेवढ्या सहजपणे लिहिलंय तेवढ्या सहजपणे हो म्हणू नका. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याचा साधारण नियम असा की नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्याची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याकडे जाते. म्हणून रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी चार ओळी लेखी घ्या: हे किती वर्षं वापरणार, तुम्ही पेपर सोडलात तरी वापरणार का, दुरुस्त्या कोण करणार, आणि रेकॉर्डिंग आहे म्हणून तुमचा लोड कमी धरणार का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लेक्चर तयार आहे म्हणजे शिकवणं संपलं असं गृहीत धरून तास कापले, तर मुलांचं काम पाहायला वेळच राहणार नाही आणि सॅन होजेत जे झालं ते इथंही होईल. एचओडींशी भांडायची गरज नाही. त्यांनाही निकाल हवा आहे, केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा, ढीग त्यांनाही नको आहे, तेव्हा त्या बाजूनं बोला.

मग पेपर ठेवायचा की सोडायचा? माझं मत, एक सत्र ठेवा, पण अटींवर. पहिली अट, पाच मिनिटांच्या तोंडीला टर्मवर्कमध्ये गुण. दुसरी, १२० च्या वर बॅच गेली तर मदतीला एक माणूस, मागच्या बॅचचा हुशार विद्यार्थी मानधनावर मिळाला तरी चालेल. तिसरी गोष्ट अट म्हणून नको, पण विचारून पाहा: महिन्यातून एका शनिवारी नेरुळ किंवा वाशीला ज्यांना जमेल त्यांच्यासाठी प्रत्यक्ष दोन तास. नोकरी करणाऱ्यांवर सक्ती नको. वीस मुलं आली तरी पुरे, त्या वीस जणांना तुम्ही आवाजावरून ओळखायला लागाल आणि ऑनलाइन वर्गातली शांतता बरीच कमी होईल.

पहिल्या दोन्ही अटी नाकारल्या, बॅच तीनशेची केली आणि नुसतं रेकॉर्डिंग चालवायला सांगितलं, तर बिनदिक्कत प्रत्यक्ष वर्ग मागा. तसं चालवण्यात मुलांचं भलं नाही आणि तुमचंही नाही. घरच्यांनाही तसंच सांगा, स्पष्टीकरणं देत बसू नका.

एक मात्र लगेच करा. पुढच्या सत्राचं वेळापत्रक आणि गुणांची विभागणी बोर्डावर लागायच्या आधी या अटींचा अर्ज एचओडींच्या हातात पडला पाहिजे. तोंडीचे गुण सत्र सुरू झाल्यावर घुसवता येत नाहीत, आणि मुलं पहिल्याच आठवड्यात सिलॅबसबरोबर गुण कशाला आहेत तेही वाचतात. अर्ज एका पानाचा ठेवा, सोबत रेल्वेची असाइनमेंट जोडा, आणि मराठी-इंग्रजी जसं जमेल तसं लिहा, पण पोच घ्या.